सव्वापट भाराची चाचणी

तपासणी क्रमांक: बारा.
वाहन: एसयूव्ही, थोराड, सात आसनी, वापरलेली.
मालक: दातांचे डॉक्टर, निवृत्त.
तपासणार: बाबा. लिहून घेणार: मी.
लिहून घेणारीचं मत: कुणी विचारलेलं नाही.

हा शेवटचा रकाना छापील तक्त्यात नव्हता. लेकीने तो पेनाने आखून घेतला होता. तक्ता मुळात लिफ्टचा. तपासनीसांनी त्यातला 'लिफ्ट' खोडून वर 'गाडी' लिहिलं होतं, 'दोर' खोडून 'टायर', 'खड्डा' खोडून 'डिकी'. 'आत अडकलेल्या माणसांची सुटका कशी करणार' हा रकाना खोडायचा राहून गेला होता, आणि अकरा गाड्यांच्या अकरा तक्त्यांवर लेकीने त्याच्यापुढे इमानाने 'दार उघडून' असं लिहिलं होतं.

तपासनीस बावीस वर्षं लिफ्ट तपासत होते. माणसं लिफ्टमध्ये शिरतात, आरशात केस सारखे करतात, बटण दाबतात. भिंतीवरच्या चौकटीत कुणाची सही आहे हे कुणी वाचत नाही. वाचत नाहीत, म्हणूनच ती सही जपून करायची, असं तपासनीस म्हणत. लिफ्टच्या बाबतीत ते खरंच होतं. पंचाईत एवढीच की कलिंगड घेतानाही ते हेच म्हणत.

गाडीचा विषय निघाला तो तळ्यापायी. शहरापासून ऐंशी किलोमीटरवर एक तळं होतं, काठाला झाडं होती, तंबू ठोकायला सपाट जागा होती. हे सगळं त्या घरातल्या चौघांनी फक्त फोटोत पाहिलं होतं. कारण घरची छोटी गाडी पहिल्या वर्षी अर्ध्या वाटेत तापली, दुसऱ्या वर्षी तिचा क्लच गेला, आणि तिसऱ्या वर्षी तिने गल्लीसुद्धा ओलांडली नाही. यंदा लेक शिकायला दूरच्या गावी जायची होती. ती जायच्या आत सगळ्यांनी मिळून एकदा तळ्यावर जायचं, आणि जाईल तशी परत येईल अशा गाडीतून जायचं, हे तपासनीसांनी मनाशी पक्कं केलं होतं. इतकं पक्कं, की गेल्या तीन महिन्यांत त्यांनी अकरा गाड्या पाहिल्या आणि अकराही नाकारल्या. एकीचं स्टिअरिंग गुणगुणत होतं. एकीला ओलसर वास होता. एकीचा मालक म्हणाला, "डोळे मिटून घ्या," तर तपासनीस त्याच पावली मागे फिरले. अकराव्या गाडीत खोट अशी नव्हती. पण किल्ली देताना मालकाचा हात थरथरला होता.

"म्हातारे होते ते," बायको म्हणाली होती.

"असतील. पण थरथरला."

बाराव्या गाडीची जाहिरात वेगळी होती. 'कुटुंबासाठी, सहलीसाठी, भरवशाची. एकच मालक. फारशी फिरलेली नाही, याचं वाईट वाटतं.'

रविवारी सकाळी आठला तपासनीस सहकुटुंब दातांच्या डॉक्टरांच्या दारात उभे राहिले. सहकुटुंब म्हणजे बायको, लेक आणि सासूबाई. शिवाय तंबू, गाद्या, शेगडी, भांडी आणि पाण्याचे चार कॅन. सगळं छोट्या गाडीत कोंबून आणलेलं, आणि ती गाडी दारात पोचल्या पोचल्या सुस्कारा टाकून बंद पडलेली.

डॉक्टर गोरेगोमटे, गुबगुबीत, सत्तरीला टेकलेले. आयुष्यभर ज्यांच्या तोंडात बोटं आहेत अशा माणसांशीच बोलत आल्यामुळे त्यांना प्रश्न विचारायची सवय होती, उत्तराची वाट बघायची नव्हती.

"वाटेत त्रास नाही ना झाला? छान. चहा घेणार? नको, बरं. हे सगळं सामान कशाला आणलंत? असू दे, असू दे."

"चाचणीसाठी," तपासनीसांनी मिळाली ती फट साधली. "आम्ही लिफ्ट रिकामी तपासत नाही. सव्वापट भार घालून तपासतो. सात माणसांची लिफ्ट असेल तर सात माणसं, आणि वर पाव हिस्सा."

"आणि ही लिफ्ट नाही हे त्यांना मी रोज सांगते," बायको म्हणाली.

तपासनीसांनी हिशेब घातला. लिफ्टच्या कायद्यात माणूस अडुसष्ट किलोचा असतो. सात माणसांचे चारशे शहात्तर, त्याचे सव्वापट पाचशे पंच्याण्णव. मग हजर माणसांची वजनं विचारून झाली. सासूबाई पंचेचाळीस म्हणाल्या. त्या वीस वर्षं पंचेचाळीसच म्हणत होत्या. डॉक्टर स्वतः येणार होते, कारण अनोळखी माणसाच्या हाती गाडी देणं त्यांच्या तत्त्वात बसत नव्हतं, आणि ते अठ्ठ्याऐंशी किलोचे होते. माणसं आणि सामान मिळून बेरीज साडेचारशेच्या आसपास आली.

"दीडशे कमी पडतात," तपासनीस म्हणाले.

"शेजारणीला बोलावू का? दोनदा बसवावं लागेल," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांचा चेहरा एकदम उजळला. "दीडशे? माझ्याकडे आहेत दीडशे. गॅरेजमध्ये."

गॅरेजमध्ये खुर्ची होती. दवाखाना बंद करताना डॉक्टरांनी बाकी सगळं देऊन टाकलं, खुर्ची तेवढी देववली नाही. लोखंडी बैठक, हिरवं रेग्झिन, मान टेकायला गोल उशी, पायाने दाबायची पट्टी. समोरच्या घरातले दोन दणकट भाऊ आपली गाडी धूत होते. त्यांना आणि आणखी दोघा वाटसरूंना विनवून खुर्ची आडवी करून डिकीत चढवली. मागची आसनं दुमडल्यावर ती तिथे अशी बसली, जणू तिच्यासाठीच ती जागा ठेवली होती. गाडी जराशी खाली बसली, आणि तेवढीच.

भार: पाचशे पंच्याण्णव (आजी खरं बोलत असेल तर).
स्प्रिंगची अवस्था: बाबा खाली वाकून बघतायत. अजून बघतायत.

"आता मोठा आ करा," डॉक्टर बॉनेट उघडत गाडीला म्हणाले. तपासनीस आत वाकले. तेल पाहिलं, पट्टे ताणून पाहिले, बॅटरीची तार जरा सैल वाटली ती पान्याने आवळली. कुठे गळती नाही, कुठे गंज नाही.

"ही इतकी कमी कशी फिरली?" त्यांनी संशयाने विचारलं.

या प्रश्नाला मात्र डॉक्टर थोडे थांबले. "निवृत्त झाल्यावर रानावनात हिंडायचं म्हणून घेतली. पण आमच्या हिला स्वतःच्या उशीशिवाय झोप येत नाही. आणि उशी घराबाहेर न्यायची नाही, असा तिचा नियम आहे."

"मग दुसरी उशी?"

"विचारून पाहिलं होतं," डॉक्टर म्हणाले, आणि बॉनेट हलकेच बंद केलं.

गाडी निघाली ती अर्ध्या तासासाठी. शहरातले सिग्नल, खड्डे, गतिरोधक. तपासनीस चालवत होते, डॉक्टर शेजारी, तिघी मागे. काहीच वाजलं नाही. मग तपासनीसांना चढ हवा झाला. शहरातला पूल पुरेसा उभा नव्हता, म्हणून ते हमरस्त्याला लागले. हमरस्त्यावर वेगाची चाचणी आपोआपच झाली. चढ पंचवीस किलोमीटरवर होता. गाडी तो पाय मोकळे करायला निघाल्यासारखी चढली. मग उतार हवा झाला. चढाच्या पलीकडे उतार असतोच. उतारावर ब्रेक लागले, नीट लागले, पाचही वेळा लागले.

तपासनीसांच्या कपाळावर आठी पडत चालली होती.

"काही दुखतंय का?" डॉक्टरांनी विचारलं.

"काहीच सापडत नाही."

"मग चांगलंच झालं ना," बायको मागून म्हणाली.

"काहीच सापडत नाही म्हणजे मी नीट बघत नाहीये."

लेक खिडकीतून बाहेर बघत तक्त्यावर लिहीत होती. आवाज: नाही. धूर: नाही. थरथर: नाही. बाबा: थोडी.

कच्च्या रस्त्याची चाचणी राहिली होती. हमरस्ता सोडून गाडी मातीच्या वाटेला लागली, झाडांतून गेली, एक ओहोळ पार केला आणि थांबली. समोर पाणी होतं. रुंद, शांत, पलीकडच्या टेकडीचं प्रतिबिंब घेऊन पडलेलं.

सासूबाई म्हणाल्या, "हे तेच ना गं, फोटोतलं?"

"तेच," बायको म्हणाली.

"बाबा," लेक म्हणाली, "पोचलो."

"हो हो," तपासनीस म्हणाले, आणि दार उघडून गाडीखाली शिरले.

नेमकी इथून चुकायला सुरुवात झाली.

जेवणं झाली. बायकोने बटाटे उकडले, अंडी उकडली, डॉक्टरांनी तीन अंडी खाल्ली आणि आपण कधी उघड्यावर जेवलो होतो ते आठवून पाहिलं, आठवलं नाही. तपासनीसांची ताटली गाडीखाली सरकवण्यात आली आणि काही वेळाने रिकामी बाहेर आली. तीन वाजता तेही बाहेर आले. खालचं सगळं चोख होतं. आता फक्त जादा चाक राहिलं होतं. ते गाडीच्या पोटाशी टांगलेलं, आणि ते खाली सोडायचा दांडा डिकीच्या तळाशी, खुर्चीच्या खाली.

"राहू दे की ते चाक," बायको म्हणाली.

"तू लिफ्टमध्ये अडकलीस आणि आतला फोन लागला नाही, तर?"

"मी लिफ्टमध्ये नाहीये. मी तळ्यावर आहे. तुम्ही कुठे आहात ते तुमचं तुम्ही बघा."

तेवढ्यात काठाला एक होडी लागली. पाच मासेमार, चांगले धट्टेकट्टे, पाणी प्यायला उतरले होते. तपासनीसांनी विनंती केली, त्यांनी खुर्ची सहज उतरवून झाडाखाली उभी केली. सासूबाईंनी एकदा तिच्याकडे पाहिलं आणि सरळ जाऊन बसल्या. डॉक्टरांनी पायाने पट्टी दाबली. खुर्ची मागे कलली, सासूबाई आडव्या झाल्या, समोर पाणी आणि वर पानं.

"जावईबापू," त्या डोळे मिटून म्हणाल्या, "लग्नानंतर इतक्या वर्षांत तुम्ही पहिल्यांदाच कामाची वस्तू आणलीत."

खुर्ची आणि डॉक्टर शेजारी शेजारी बघून एका मासेमाराला दाढ आठवली. डॉक्टरांनी सासूबाईंना उठवलं, त्याला बसवलं, लेकीला टॉर्च धरायला सांगितलं. "किती दिवस दुखतंय? महिना? मग इतके दिवस काय करत होतास? असू दे." त्यामागून दुसरा बसला. दुसऱ्यामागून, तोंडात काहीच होत नसताना, तिसरा. निवृत्तीनंतर पहिल्यांदाच डॉक्टरांच्या बाह्या कोपरापर्यंत गेल्या होत्या. आणि इकडे तपासनीस चाकात रमले. चाकात हवा बरोबर होती. ती बरोबर आहे हे त्यांनी तीनदा पाहिलं, आणि मान वर केली तेव्हा होडी तळ्याच्या मध्यावर पोचली होती.

"अहो," बायको म्हणाली, "आता ही खुर्ची वर कोण चढवणार?"

होडीकडून हाक आली: उद्या सकाळी येतो, जाळी टाकायची आहेत.

दीडशे किलो. हजर पाच माणसं, त्यांतल्या एकीचं वय पंच्याहत्तर, एकाचं सत्तर. दोनदा जोर लावून पाहिला, खुर्ची जागची हलली नाही, डॉक्टरांच्या कमरेत मात्र काहीतरी हललं. खुर्ची इथे टाकून जायचं कुणी बोललं नाही, कारण डॉक्टर तिच्या पाठीवरून हात फिरवत उभे होते.

"तुमच्या घरी काळजी करतील," तपासनीस ओशाळून म्हणाले. फोनला तिथे रेंज नव्हती.

"नाही करणार. मी हिला सांगूनच निघालो, गृहस्थ तपासनीस आहेत, मी कधी येईन सांगता येत नाही." डॉक्टरांनी तंबूच्या पिशवीकडे नजर टाकली. "यात किती माणसं मावतात? पाच? छान."

तपासनीसांनी सोमवारची रजा टाकलेलीच होती. गाडी पास झालीच तर कागदपत्रांसाठी. राहायचं ठरलं.

संध्याकाळी चहा झाला. ऊन पाण्यावरून टेकडीवर गेलं होतं. लेक काठावर पाय सोडून बसली होती, तपासनीस तिच्याजवळ येऊन बसले आणि तक्ता मागितला. जवळजवळ सगळे रकाने भरले होते.

"चिऊ, मला वाटतं ही गाडी घेता येईल," ते म्हणाले. "एकदा कार्यशाळेत नेऊन खालून बघायची, आठवडाभर रोज सकाळी सुरू करून बघायची. मग महिनाअखेरीच्या आत आपली तळ्याची सहल. दोन दिवस. पक्कं."

लेकीने पाण्यात एक खडा टाकला. "बाबा, मी गुरुवारी जातेय."

"कुठे?"

"कॉलेजला. त्यांनी तारीख अलीकडे आणली. गुरुवारी सकाळची गाडी आहे."

तपासनीसांनी मागे वळून बायकोकडे पाहिलं. बायको कपबश्या विसळत होती आणि त्यात तिचं फारच लक्ष लागलं होतं.

"कधी कळलं?"

"दहा दिवस झाले."

"मला का नाही सांगितलंस?"

"सांगायला आले होते. तू नवव्या गाडीखाली होतास. नुसते पाय दिसत होते. पायांना काय सांगणार?" ती हे रागाने म्हणाली असती तर बरं झालं असतं. "मग दहावी आली, अकरावी आली. म्हटलं, तुला इतकी हौस आहे तर शोधू दे. आज तसंही आलोच की आपण."

आलोच की. तपासनीसांनी हळूहळू हिशेब केला. सकाळी अकराला पोचलो. आता साडेसहा. साडेसात तास लेक तळ्यावर होती, आणि त्यांतले निदान सहा त्यांनी एका गाडीचं पोट बघण्यात घालवले होते. तिने बटाटे कसे सोलले, आजीला पाण्यात कसं नेलं, ती कशाला हसली, काहीच त्यांनी पाहिलं नव्हतं. हसल्याचं ऐकू आलं होतं. तेव्हा त्यांना वाटलं होतं, एक्झॉस्ट बघून झाला की विचारू.

"उद्या किती वाजता निघायचं?" त्यांनी विचारलं.

"आठला," बायको म्हणाली. "तिची सगळी खरेदी राहिलीय. बॅगसुद्धा घ्यायचीय अजून."

त्या रात्री सगळे झोपले. डॉक्टर तर परक्या उशीवर सर्वांत आधी.

सोमवार. मासेमार शब्दाला जागले. सातलाच आले, खुर्ची चढवली, दाढवाल्याने गाल दाबून दाखवला की दुखणं कमी आहे, आणि गेले. तंबू गुंडाळला, शेगडी आत गेली, सासूबाई आपल्या जागेवर बसल्या. तपासनीसांनी किल्ली फिरवली. समोरचे दिवे लागले, काटे उठले, आणि पुढे काहीच झालं नाही. पुन्हा फिरवली. दिवे, काटे, शांतता.

"असं कसं?" डॉक्टर म्हणाले. "असं कधी झालं नाही. आजवर एकदाही झालं नाही." ही ऑटोमॅटिक गाडी. धक्का मारून सुरू होणारी नव्हे.

तपासनीसांनी बॉनेट उघडलं, बराच वेळ आत बघितलं आणि म्हणाले, "शोधावं लागेल."

सासूबाई उतरल्या. शेगडी उतरली. बायकोने काही न विचारता चहाचं पाणी ठेवलं. आणि तपासनीसांनी गाडीखाली न शिरता पँटचे पाय दुमडले आणि ते लेकीला म्हणाले, "इंजिन जरा थंड होऊ द्यावं लागतं. तोवर पाण्यात येतेस?"

जे इंजिन सुरूच झालं नव्हतं ते थंड कशाला व्हायला हवं, हे लेकीने विचारलं नाही. विचारेल अशी त्यांना धास्ती होती.

कारण इंजिनात काहीही बिघाड नव्हता. स्टार्टरचा फ्यूज, नखाएवढा, निळा, प्लॅस्टिकचा, तपासनीसांच्या शर्टाच्या खिशात होता. पहाटे सगळे तोंड धुवायला गेले असताना त्यांनी तो काढला होता. बावीस वर्षांत त्यांनी बंद लिफ्ट चालू आहे असं कधी लिहिलं नव्हतं. चालू वस्तू बंद पाडायची वेळ पहिल्यांदाच आली होती, आणि हात थरथरला होता. अकराव्या गाडीच्या म्हाताऱ्याची त्यांना तेव्हा आठवण झाली आणि थोडी लाज वाटली. बारा वाजता परत बसवायचा, असं त्यांनी स्वतःशी ठरवलं होतं. चार तास. जास्त नाही.

ते चार तास कुठे गेले ते कळलं नाही. लेकीने त्यांना पाण्यावरून उड्या मारत जाईल असा दगड फेकायला शिकवलं. त्यांचा एकही दगड दुसरी उडी मारेना. "बाबा, तू टाकताना विचार करतोस," ती म्हणाली. तिने नव्या कॉलेजच्या खोलीबद्दल सांगितलं. खोलीत दुसरी कोण असेल, ती घोरणारी निघाली तर काय, आणि पहिल्या दिवशी जेवायला कुणाशेजारी बसायचं. यातलं काही तपासता येण्यासारखं नव्हतं. तपासनीस नुसते ऐकत राहिले. मध्येच ती आजीला सावलीत बसवून येते म्हणून गेली, पाचेक मिनिटांनी परत आली आणि पुन्हा दगड वेचू लागली.

पावणेबाराला डॉक्टर टोपी घालून समोर उभे राहिले. हातात पाण्याची बाटली होती.

"कुठे निघालात?" बायकोने विचारलं.

"हमरस्त्यापर्यंत. तिथे रेंज येते. मेकॅनिक बोलावतो."

"अहो, चार किलोमीटर आहे. उन्हाचं."

"मी जाहिरातीत भरवशाची लिहिलं होतं," डॉक्टर म्हणाले. आज पहिल्यांदाच ते कुणालाही प्रश्न विचारत नव्हते. "तुमच्या मुलीला गुरुवारी जायचंय, आणि माझ्या गाडीने तिला इथे अडकवून ठेवलंय. इन्स्पेक्टर, एक सांगतो. ही गाडी मी तुम्हाला विकणार नाही. मन खातं माझं. मी पेशंटला कधी किडका दात चांगला म्हणून सांगितला नाही."

ते खरंच चालायला लागले. पाठमोरे, गुबगुबीत, कमरेवर एक हात.

तपासनीस पाण्यातून धडपडत बाहेर आले. "डॉक्टर, थांबा. बसा जरा."

त्यांनी खिशात बोटं घातली आणि फ्यूज तळहातावर धरला.

"हे काय?"

"स्टार्टरचा फ्यूज. सकाळी मीच काढला."

सासूबाईंनी चष्मा लावून तळहाताकडे पाहिलं, मग जावयाकडे. "म्हणजे गाडी चांगली आहे, आणि बिघाड तुमच्यात आहे?"

"हो," तपासनीस म्हणाले. लेकीकडे त्यांनी पाहिलं नाही. "मला अजून थोडा वेळ हवा होता. काल गेला माझा सगळा. तुमची गाडी भरवशाची आहे, डॉक्टर. माझ्याइतकं कुणी ते सांगू शकणार नाही. हे बघा."

बॉनेट सकाळपासून उघडंच होतं. त्यांनी फ्यूज जागी बसवला, आत जाऊन बसले आणि ठामपणे किल्ली फिरवली.

काही नाही.

पुन्हा फिरवली. सकाळी निदान दिवे लागत होते, काटे उठत होते. आता समोर एकही दिवा नव्हता. गाडी साफ मेली होती.

"बघा," डॉक्टर कष्टी आवाजात म्हणाले, "नुसता फ्यूज नाहीच. तुम्ही माझं मन राखायला सांगताय."

तपासनीस उतरून बॉनेटखाली वाकले. बॅटरीची तार सुटून बाजूला पडली होती. काल सकाळी त्यांनी स्वतः आवळलेली. अशी तार आपोआप सुटत नाही. तिला दहा नंबरचा पाना लागतो, आणि नट सुटल्यावर कुणीतरी तो हरवू नये म्हणून बॅटरीच्या झाकणावर नीट ठेवावा लागतो. तो तिथे नीट ठेवलेला होता. तक्ते लिहून घेताना शिकलेल्या माणसाने ठेवावा तसा.

त्यांनी मान वर केली. बायको टेकडीकडे बघत होती. लेक गाडीपासून दहा पावलांवर उभी होती आणि ओल्या वाळूने बोटं घासत होती. बोटं काळी होती. तिने ती लपवली नाहीत, नजरही खाली घातली नाही.

"काय झालंय?" डॉक्टर म्हणाले. "खोलवर आहे?"

"खोल आहे," तपासनीस म्हणाले.

"किती वेळ लागेल?"

लेकीने मांडीपाशी हळूच दोन बोटं दाखवली.

"दोन तास," तपासनीस म्हणाले. "घाई करून चालायचं नाही. तुम्ही ती टोपी काढा आणि सावलीत बसा, मेकॅनिक नको. आणि चिऊ, तो तक्ता आण. लिही. वाहन घेण्यास योग्य."

"बंद पडलेलं?" लेकीने विचारलं.

"जसं आहे तसं."

त्यांनी पेन घेतलं आणि गाडीच्या चिखलाने भरलेल्या दारावर कागद टेकवून सही केली. कागद ओला होता, सही जरा फिसकटली. डॉक्टर टोपी हातात घेऊन हे बघत राहिले. आधी तपासनीसांकडे, मग मेलेल्या गाडीकडे, मग सासूबाईंकडे.

"चालत्या गाड्या यांनी किती नाकारल्या म्हणालात?"

"अकरा," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टर पाण्याच्या कॅनवर टेकले. "चाळीस वर्षं दवाखाना चालवला," ते हळूच म्हणाले, "पण दुखतंय म्हणून पेशंटला इतकं बरं वाटलेलं आजच बघतोय." आणि बायकोने न विचारताच पुढे केलेला चहा त्यांनी घेतला. बाप-लेक तोवर पुन्हा पाण्यात शिरले होते.